काटा लाल पट्ट्यात, इंजिन मात्र ठणठणीत: जुन्या गाडीच्या मीटरच्या नोंदी

गाडी मामांची. १९९० च्या दशकातली, कार्बोरेटरवाली, पेट्रोल. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वायरींचे रंग गाडीगणिक बदलतात आणि माझे रंग वाचून कुणी भलतीच वायर तोडायला नको. तपासायची रीत मात्र ज्या गाड्यांत चावी फिरवल्यावर काटे सावकाश, आळस देत वर येतात, त्या सगळ्यांना चालावी.

आधीचा इतिहास असा, की २०१९ च्या महापुरात ही गाडी कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीत उभी होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी पन्नाशीच्या वर गेलं होतं. गाडीत सीटच्या बुडापर्यंत पाणी. पुढे ऑइल, ब्रेक, सीट सगळं करून घेतलं. वायरिंगला कुणी हात लावला नाही, कारण गाडी चालू झाली आणि लाइट लागले.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज पाना हातात घेतला नाही. फक्त तक्रारी लिहून घेतल्या आणि बटणं दाबून बघितली.

पहिली: टेंपरेचरचा काटा रात्री लाल पट्ट्यात जातो. मामांच्या शब्दांत: "काटा वर गेला की गाडी बाजूला घेतो आन् बोनेट उघडून बसतो. येणारी-जाणारी लोकं विचारत्यात, पेटली काय म्हणून." यावर एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट नवा, रेडिएटर सफाई, कूलंट असे ३,२०० रुपये गेले. फरक शून्य. मग तिथेच हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलून त्याखालचं गॅस्केट बघू म्हणाले, तेव्हा मामांनी मला फोन केला.

दुसरी: पेट्रोलचा काटा दिवसा कमी दाखवतो, रात्री बरोबर. मामांचा भरवसा रात्रीच्या काट्यावर. तरी डिसेंबरात गगनबावड्याहून रात्री परत येताना कळे गावाच्या अलीकडे गाडी कोरडी पडून थांबली, आणि काटा तेव्हाही 'ई'च्या (रिकाम्या टाकीच्या खुणेच्या) वरच होता.

गाडी गरम करून अंगणात चालू ठेवली आणि एकेक बटण दाबत गेलो. प्रत्येक बटणानंतर मिनिटभर थांबायचं. या काट्यांमागे तार गरम होऊन वाकणारी धातूची पट्टी असते, काटा लगेच हलत नाही. घाईत चार बटणं एकदम दाबली तर काहीच कळत नाही.

सगळं बंद: टेंपरेचर मध्यावर, पेट्रोल पाव आणि अर्ध्याच्या मधे.

नुसते पार्किंग लाइट: दोन्ही काटे वर. टेंपरेचर लाल पट्ट्याच्या तोंडाशी, पेट्रोल अर्ध्यावर. शिवाय मीटरमधला अपरचा (हेडलाइटच्या लांबच्या झोताचा) निळा दिवा अगदी मंद पेटला. अपर लावलेलाच नव्हता. दुपारच्या उजेडात तो दिसला नसता. मीटरवर हाताची सावली धरली म्हणून दिसला.

पार्किंग बंद करून ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर आणि रेडिएटरचा पंखा (पंख्याच्या स्विचचे दोन पिन जोडून): फक्त टेंपरेचरचा काटा वर, पाऊण. पेट्रोल जागचं हललं नाही. पंखा लागल्यावर टेंपरेचर खाली यायला हवं, इथे वर जातंय.

सगळं एकदम: टेंपरेचर लाल पट्ट्यात जाऊन टेकलं.

दोन्ही काटे हलवणारी एक गोष्ट आणि एकच हलवणारी दुसरी, म्हणजे दोष किमान दोन. आणि पाणी बटण दाबल्यावर गरम होत नाही, त्यामुळे हेड गॅस्केटचा विषय तूर्त बंद.

८ जानेवारी

शिरोली एमआयडीसीतल्या एका मित्राकडून टेंपरेचर गन आणली. त्यांच्याकडे ती मशीनचं बेअरिंग तापलं का ते बघायला असते.

थर्मोस्टॅटच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर गन धरली तर ६० च्या आसपास. हात लावला तर हात ठेववत नाही. चकचकीत धातूवर ही गन कमीच दाखवते. झाकणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, त्यावर धरली: ८६ अंश. काटा तेव्हा लाल पट्ट्यात. थर्मोस्टॅट ८२ ला उघडणारा, म्हणजे ८६ अगदी जिथे असायला हवं तिथे.

ज्यांना गन मिळत नसेल त्यांनी निदान पाण्याची वरची नळी हाताने दाबून बघावी आणि काटा कशाने हलतो ते बघावं. ३,२०० रुपयांच्या आधी करायचं काम ते.

११ जानेवारी, शनिवार

अर्थिंग. अर्थ म्हणजे करंट परत जायची वाट, गाडीत ती बॉडीच्या आणि इंजिनच्या धातूतून जाते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशावर (क्लॅम्पवर नाही, शिशावर), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी चालू, ब्लोअर, हेडलाइट, पंखा सगळं लावून.

मल्टिमीटरवर उणे ०.८६. बॅटरी मायनस ते बॉडी ०.०३, म्हणजे तो भाग ठीक. दोष इंजिन ते बॉडी या जोडात.

उणे का, यात सगळी गोम आहे. गाडी चालू असताना करंट आल्टरनेटरमधून निघतो, हेडलाइट-ब्लोअरमधून फिरतो, बॉडीत उतरतो आणि बॉडीतून इंजिनला जोडणाऱ्या पट्टीवरून आल्टरनेटरकडे परततो. पट्टी खराब असली की परतीच्या वाटेवर व्होल्टेज पडतो आणि इंजिन बॉडीपेक्षा जवळजवळ एक व्होल्ट खाली बसतं. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनात घट्ट बसवलेला, त्याची अर्थ म्हणजे इंजिन. वरून मीटरचा व्होल्टेज तोच, खालून अर्थ एक व्होल्ट खोल, म्हणून काट्यातून करंट जास्त. मीटरच्या भाषेत जास्त करंट म्हणजे जास्त तापमान. पेट्रोलचा फ्लोट (पातळी सांगणारा तरंगता सेन्सर) टाकीवर, त्याची अर्थ बॉडीला. त्याला या भानगडीशी घेणं नाही, म्हणून तो काटा हलला नव्हता.

हीच पट्टी ओहमवर तपासली तर ०.२ ओहम. दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.२. ओहमच्या तपासणीत मल्टिमीटर नखाएवढा करंट सोडतो, पट्टीची एकच तार शाबूत असली तरी तो जातो. इथे पंचवीस अँपियर न्यायचे आहेत. लोड लावल्याशिवाय अशी पट्टी सापडत नाही.

खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक इंजिनला, दुसरं बॅटरी मायनसला. मिनिटभरात टेंपरेचर पाऊणवरून मध्यावर.

१२ जानेवारी, रविवार

पट्टी काढली. गिअरबॉक्सच्या बाजूला, बॅटरीच्या ट्रेखाली. वरून विणकाम धड दिसत होतं. थिंबलपाशी (टोकाच्या भोकाच्या धातूच्या कडीपाशी) वाकवली तर आतून हिरवी-पांढरी पूड गळाली आणि निम्म्या तारा हातात आल्या. बॉडीकडच्या बोल्टखाली गंजाचा पापुद्रा, त्याखाली पुराचा गाळ अजून तसाच, वाळून विटेसारखा झालेला.

तयार विणलेली पट्टी लक्ष्मीपुरीत मिळाली, पण आखूड. ताणून बसवली असती तर इंजिन हलताना पुन्हा तुटली असती. शेवटी उद्यमनगरात २५ चौरस एमएमची लवचिक केबल घेतली आणि दोन्ही टोकांना थिंबल तिथेच प्रेसवर दाबून घेतले. २४० रुपये. हातोडीने ठोकून बसवलेला थिंबल दिसायला सारखाच दिसतो, वर्षभरात सैल होतो. प्रेस असलेलं दुकान शोधा.

बॉडीवर जिथे थिंबल बसतो तिथला रंग घासून पांढरा धातू काढला, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन शेवटी लावायचं, आधी नाही.

आता उणे ०.०५. स्टार्टर वेगळाच फिरतोय, सेल्फ मारताच गाडी चालू. ॲक्सिलरेटर जड झालाय असं मामा कधीपासून म्हणत होते, त्याची केबल बघितली तर बाहेरचं प्लॅस्टिक दोन जागी तपकिरी, वितळून बसलेलं. अर्थ मिळत नव्हती तेव्हा स्टार्टरचा करंट त्या केबलमधून वाट काढत होता. केबल ३१० रुपये, बदलली. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल कारण नसताना जळकी दिसली तर इंजिनची अर्थ आधी बघा.

हाताबरोबर टेंपरेचरचा सेन्सरही काढून उकळत्या पाण्यात तपासला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे पाणी इथे १०० ला नाही, ९८ च्या जवळ उकळतं. तिथे सेन्सर २८ ओहम, पन्नासला दीडशेच्या घरात. गरम होईल तसा ओहम उतरतो, उडी न मारता. सेन्सर चांगला. परत बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, त्याची अर्थ त्याच आट्यांतून जाते.

मामींनी पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलं नाही. खर्चात धरावं का, ठरलेलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद. काळे हात घेऊन तिळगूळ घ्यायला यायचं नाही, असा आदेश आधीच होता.

१८ जानेवारी, शनिवार

मीटर पॅनेल. पार्किंग लावल्यावर दोन्ही काटे चढतात, म्हणून संशय दोघांच्या सामाईक अर्थवर, म्हणजे मीटरच्या अर्थवर. बॅटरीचा मायनस काढून सुरुवात. चार स्क्रू, स्पीडोमीटरच्या केबलची क्लिप, दोन कपलर. क्लिप सुटायलाच पाऊण तास गेला. मागून हात जात नाही आणि पुढून दिसत नाही. बोनेटच्या आतून केबल थोडी केबिनकडे ढकलली तर लगेच सुटते.

मीटरमागचं छापील सर्किट नवं असल्यासारखं. पाणी इतकं वर आलंच नव्हतं. मग अर्थ का नाही?

काळी वायर हाताने चाचपत गेलो. स्टिअरिंगच्या खांबाजवळ टेपचा गोळा. उघडला: कधीतरी कॅसेट प्लेअर बसवताना मीटरची अर्थ वायर तोडून त्यात प्लेअरची, हॉर्न रिलेची आणि आणखी एका कशाची तरी वायर पिळून घातलेली. झाळ नाही, थिंबल नाही. टेपचा डिंक वितळून तांब्यात मुरलेला. प्लेअर केव्हाच गेला, गाठ राहिली.

पॅनेल लोंबकळत ठेवून बॅटरी जोडली, गाडी चालू, पार्किंग लाइट लावले. बॅटरी मायनस ते मीटरची अर्थ: २.६ व्होल्ट. पार्किंग बंद केल्यावर ०.२.

निळ्या दिव्याचं कोडंही इथेच सुटलं. मीटरच्या उजेडाच्या बल्बना खाली उतरायला वाट नाही, म्हणून त्यांचा थोडा करंट अपरच्या निळ्या दिव्यातून उलटा जाऊन हेडलाइटच्या अपर फिलामेंटमधून अर्थ गाठत होता. न लावलेला दिवा मंद पेटणं ही मीटरची अर्थ गेल्याची सगळ्यांत स्वस्त खूण. मल्टिमीटरही लागत नाही.

१९ जानेवारी, रविवार

या मीटरच्या मागे काडेपेटीपेक्षा लहान पत्र्याची डबी असते, व्होल्टेज रेग्युलेटर. दोन्ही काट्यांना बॅटरीचा व्होल्टेज थेट दिला तर तो १२ ते १४ मध्ये हलत राहील आणि काटेही हलतील. म्हणून ही डबी करंट चालू-बंद, चालू-बंद करून सरासरी खाली आणते. काही गाड्यांत १० व्होल्ट, काहींत ७. या गाडीत सातच्या आसपास. डिजिटल मल्टिमीटरने ती मोजायला जाऊ नका, आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. मीटरमधलाच छोटा बल्ब आउटपुट आणि चांगल्या अर्थमध्ये जोडला की दिसतं: बल्ब लुकलुकायला हवा.

डबीच्या आत गरम होऊन वाकणारी पट्टी आणि तिला गरम करणारी तार, आणि त्या तारेला मीटरचीच अर्थ लागते. अर्थ वर तरंगली की तार पुरेशी तापत नाही, संपर्क जास्त वेळ चिकटून राहतो, सरासरी व्होल्टेज वाढतो. पार्किंग लावल्यावर बल्बची लुकलुक लांबली, पेटलेला काळ विझलेल्यापेक्षा जास्त. अर्थ वायर पूर्ण काढली तर बल्ब न विझता पेटूनच राहिला. अशा गाडीत दोन्ही काटे वरच्या टोकाला जाऊन बसतात आणि माणूस डबी बदलतो. डबी चांगली असते.

गाठ कापून टाकली. मीटरसाठी वेगळी वायर, डॅशबोर्डमागच्या लोखंडी आडव्या पट्टीवर स्वतःचा बोल्ट, झाळलेला थिंबल. रिलेची वायर दुसऱ्या बोल्टला. तिसऱ्या वायरचं दुसरं टोक कुठेच जात नव्हतं.

पार्किंग लावून मोजलं: ०.०४. निळा दिवा गेला, मीटरचा उजेड लख्ख, टेंपरेचर रात्री-दिवसा मध्यावर. मामा खूश. साठ रुपयांत काम.

संध्याकाळी फोन. "अरं, पेट्रोलचा काटा बिघडवलास की. आता रात्रीबी कमीच दाखवतंय."

बरोबर आहे त्यांचं.

२५ जानेवारी, शनिवार

आठवडाभर डोक्यात हेच. काटा बिघडला नव्हता, त्याला झाकणारा दुसरा दोष मी काढून टाकला होता.

मागची सीट काढली. खाली गालिचा, गालिच्याखाली गाळ. टाकीचं झाकण, त्यात फ्लोटच्या दोन वायरी. एक मीटरकडे, दुसरी काळी, बाजूलाच बॉडीला स्क्रूने. स्क्रूचं डोकं स्क्रूड्रायव्हर लावताच सुटून आलं.

काही खोलण्याआधी मीटरचा काटा तपासला. फ्लोटची वायर काढून तिथून ३३ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चांगल्या अर्थला जोडला. काटा अर्ध्यावर. मीटर निर्दोष. वायर थेट अर्थला टेकवून काटा वर जातो का बघायची पद्धत आहे, पण ठिणगी पडते आणि हे टाकीचं तोंड आहे. आधी चावी बंद, मग रेझिस्टर जोडा, मग चावी चालू. दारं सताड उघडी.

आता ओहम. फ्लोटच्या दोन टोकांमध्ये: ३६. फ्लोटच्या टोकापासून गाडीच्या बॉडीपर्यंत: ५६. मधले वीस ओहम त्या गंजक्या स्क्रूचे. (इथे ओहमची तपासणी चालते, कारण या वायरीतून करंटच अँपियरच्या दहाव्या हिश्शाच्या आत जातो आणि वीस ओहम लपत नाहीत. इंजिनच्या पट्टीला तो नियम लावू नका.)

या गाडीत टाकी भरेल तसा फ्लोटचा ओहम उतरतो. भरलेल्याला तीन-चार, रिकाम्याला एकशेदहाच्या आसपास. वीस ओहम जास्त म्हणजे काटा कमी दाखवणार. दिवसा तसंच होत होतं. रात्री पार्किंग लागले की रेग्युलेटरचा व्होल्टेज वाढायचा आणि तेवढाच काटा वर ढकलायचा. अर्ध्या टाकीला दोन चुका एकमेकींना बरोबर फेडत होत्या.

पण टाकी संपत आली की फ्लोटचाच ओहम शंभरावर. त्यात वीस मिळवले तर प्रमाणात थोडेच, आणि व्होल्टेजचा ढकला मात्र तसाच. म्हणून अर्ध्यावर खरं बोलणारा काटा तळाला खोटं बोलायचा. कळ्याच्या अलीकडे गाडी थांबली ती याने.

२६ जानेवारी, रविवार

बॅटरी काढून, गाडी मोकळ्यावर लावून फ्लोटची अर्थ नवीन केली: जागा बदलून, घासून, पितळी थिंबल, वर रंगाचा हात. फ्लोट टाकीतून बाहेर काढला नाही. ओहम सरळ चढत-उतरत असेल तर उगाच पॅकिंग खराब करू नये. आता दोन्हीकडून ३६.

मागच्या दोन्ही दिव्यांची अर्थही तिथेच शेजारी निघाली, तीही हिरवी. घासली.

२ फेब्रुवारी, रविवार

पन्हाळ्याला जाऊन आलो. जाताना चढ, उतरताना अंधार, म्हणजे ब्लोअर-हेडलाइट-पंखा सगळं लावून बघता आलं. टेंपरेचरचा काटा वाघबीळच्या वर थोडा चढला आणि पुन्हा मध्यावर. टेपच्या तुकड्यावर गन धरली: ८९. चढाला इतकं चालायचंच. आता तो चढतो तेव्हा पाणीच चढलेलं असतं.

परत येऊन टाकी जवळजवळ रिकामी केली आणि मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर घालत काट्याची जागा लिहून ठेवली. 'ई'च्या रेघेवर काटा आला तेव्हा टाकीत चार लिटरच्या आसपास शिल्लक. अर्ध्याच्या वर काटा जरा सढळ आहे, पाच लिटरला जेवढा सरकायला हवा त्यापेक्षा कमी सरकतो. फ्लोटचा दांडा तसाच वाकवलेला असतो, त्याला हात लावणार नाही. कागद मामांनी सन वायझरच्या मागे अडकवलाय.

खर्च: केबल आणि थिंबल २४०, ॲक्सिलरेटर केबल ३१०, मीटरची वायर-थिंबल ६०, टाकीकडचं ४०, रेझिस्टर आणि टेप ३५. भंगारवाल्याकडे अख्खं जुनं मीटर पॅनेल १,८०० ला ठरवून ठेवलं होतं, ते नको म्हणून कळवलं.

उरलेलं काम: डाव्या मागच्या पार्किंगच्या होल्डरमध्ये गंज आहे, बल्ब हलवला की लागतो. आणि इंधनाची वायर जिथे दाराच्या उंबऱ्याखालून जाते तिथलं एक कपलर अजून उघडलेलं नाही. तिथेही गाळ असणार.